सामींचें रान
(नभोवाणीवरील भाषण)



उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाविषयीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित माणसाच्या मनांत जें चित्र असतें, तें बहुधा दोन ठिकाणांहून आलेलें असतें. पहिलें ठिकाण म्हणजे शाळेंतील भूगोलाचें पुस्तक. सगळीकडे बर्फ, बर्फावरची घसरगाडी, ती ओढणारा रेनडियर आणि कातड्याचे कपडे घातलेला एक ठेंगणा मनुष्य. चित्राखालीं नांव 'लॅप'. परीक्षेंत त्याच्यावर दोन गुणांचा प्रश्न यावयाचा, आणि परीक्षा संपली कीं तो मनुष्यहि आपल्यापुरता संपावयाचा. दुसरें ठिकाण अधिक थोर. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वेदांतील दीर्घ उषेचीं, दीर्घ रात्रीचीं वर्णनें पुढें ठेवून आर्यांचें मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशांत होतें असें प्रतिपादन केलें. आजच्या विद्वानांना तो सिद्धांत मान्य नाहीं. तथापि त्या ग्रंथामुळें कित्येक मराठी घरांत ध्रुवाजवळच्या संधिप्रकाशाची चर्चा झाली, हें खरें.

ह्या दोनही चित्रांत एक उणीव सारखीच आहे. तेथें आज राहणारा मनुष्य त्यांत दिसत नाहीं. एका चित्रांत तो बाहुलीसारखा उभा केलेला आहे; दुसऱ्यांत आपण आपल्याच पूर्वजांची पाउलें शोधीत आहों. आणि हल्लीं जीं प्रवासाचीं रंगीत पत्रकें निघतात, त्यांत तर मनुष्याची गरजच उरलेली नाहीं. 'युरोपांतील शेवटचें निर्जन अरण्य' अशी त्यांची घोषणा असते. हें 'निर्जन' विशेषण कितपत खरें आहे, एवढाच प्रश्न मनांत ठेवून आपण आज फिनलंडच्या उत्तर टोकाकडे, इनारी नांवाच्या प्रदेशांत, जाऊं.

मी त्या भागांत सप्टेंबर महिन्यांत गेलों होतों. हेलसिंकीहून विमानानें इव्हालो येथें उतरतां येतें, आणि तेथून इनारी गांव सुमारें ४० किलोमीटर. परंतु ज्याला वाटेवरचा देश पाहत जावयाचें असेल त्यानें रोव्हानिएमीपर्यंत आगगाडीनें यावें आणि पुढील सव्वातीनशें किलोमीटर मोटारीच्या रस्त्यानें जावें. रोव्हानिएमी सोडल्यावर थोड्याच वेळांत आर्क्टिक वृत्त ओलांडलें जातें. नकाशावरची ती रेघ जमिनीवर कोठेंच दिसत नाहीं. पण झाडें मात्र तिची खूण सांगूं लागतात. स्प्रूस वृक्ष विरळ होत होत नाहींसा होतो, पाइन वृक्ष खुजा आणि गांठाळ होत जातो, आणि आणखी उत्तरेस गेलें कीं भूर्जवृक्षांचें राज्य लागतें. ज्याच्या सालीवर आपले पूर्वज ग्रंथ लिहीत असत, त्याच कुळांतला हा वृक्ष. पण येथें थंडीनें आणि वाऱ्यानें तो पुरुषभर उंचीचा, वांकडातिकडा झालेला असतो. सप्टेंबरांत त्याचीं पानें हळदीसारखीं पिवळीं होतात आणि जमिनीलगतचीं झुडपें कुंकवासारखीं लाल होतात. ह्या रंगांच्या ऋतूला फिन लोक 'रुस्का' म्हणतात. तो दोन-तीन आठवड्यांत आटोपतो.

इनारीचा विस्तार कळावा म्हणून एक तुलना सांगतों. पाण्यासह त्याचें क्षेत्रफळ १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्यापेक्षां मोठें. आणि वस्ती अवघी ७,००० च्या आसपास. त्याच्या मध्यभागीं इनारी सरोवर पसरलें आहे. १,००० चौरस किलोमीटरांहून मोठें हें सरोवर फिनलंडमध्यें आकारानें तिसरें असून त्यांत ३,००० हून अधिक बेटें आहेत. नोव्हेंबरांत तें गोठूं लागतें आणि कित्येक वर्षीं जून उजाडला तरी त्याच्यावरचा बर्फ पुरता गेलेला नसतो. त्याचें पाणी पात्सयोकी नदीनें बॅरेंट्स समुद्राला मिळतें.

येथील उजेडाचें गणित आपल्या गणिताहून अगदींच निराळें आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाहीं. मध्यरात्रीं तो क्षितिजाच्या वर तिरपा चालत राहतो आणि झाडांच्या लांब सावल्या घड्याळाच्या कांट्याप्रमाणें भोंवतीं फिरतात. उलट, डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या दहा तारखेच्या सुमारापर्यंत तो उगवतच नाहीं. ह्या काळाला 'कामोस' असें नांव आहे. मात्र 'सूर्य उगवत नाहीं' म्हणजे काळोखी कोठडी अशी आपली समजूत असेल तर ती सोडून द्यावी. दुपारच्या सुमारास दोन-चार तास दक्षिणेकडचें आकाश गुलाबी आणि निळें होतें, बर्फ त्या प्रकाशाला परतवितो, आणि उषा व संध्या एकमेकींना भेटून परत जातात. रात्रीं आकाश निरभ्र असल्यास उत्तरेकडील ध्रुवप्रकाशाचे हिरवे पडदे हालतांना दिसतात. सामी लोक वर्षाचे चार नव्हे, आठ ऋतु मानतात. आणि तेथें थोडे दिवस राहिलें तरी चार ऋतूंत ह्या देशाचें वर्ष बसणार नाहीं हें पटतें.

आतां त्या लोकांकडे वळूं. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प अशा चार राज्यांत विभागलेले एक राष्ट्र आहे. त्यांची एकूण संख्या ८० हजार ते १ लक्ष असावी असा अंदाज केला जातो. पैकीं निम्म्याहून अधिक नॉर्वेंत, आणि फिनलंडमध्यें सुमारें १० हजार. आपल्या पुस्तकांतील 'लॅप' हें नांव इतरांनीं त्यांना दिलेलें असून तें त्यांना अपमानकारक वाटतें. ते स्वतःला सामी म्हणतात व आपल्या देशाला 'साप्मी'. एकट्या इनारींत तीन सामी भाषा बोलल्या जातात: उत्तर सामी, इनारी सामी आणि स्कोल्ट सामी. ह्या एकाच भाषेच्या तीन बोली नव्हेत. एकीचा बोलणारा दुसरी शिकल्यावांचून नीट समजूं शकत नाहीं.

'निर्जन अरण्य' ह्या शब्दाचें खरें स्वरूप ह्याच भाषांतून उलगडतें. फिन भाषेंत अशा प्रदेशाला 'एरॅमा' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ओसाड जमीन असा नसून, गांवापासून दूर असलेली शिकारीची व मासेमारीची जमीन असा आहे. म्हणजे ती कोणाची तरी होती आणि कोणी तरी ठराविक ऋतूंत तेथें जात असे. उत्तर सामी भाषेंतील शब्द 'मेआहत्सी' याहूनहि बोलका आहे. सरपणाची मेआहत्सी वेगळी, फळें वेंचण्याची वेगळी, माशांची वेगळी. म्हणजे हा शब्द नुसत्या भूमीचा नाहीं. त्या भूमींत जाऊन करावयाच्या कामाचा आहे. हें ऐकल्यावर मला आपल्या 'रान' ह्या शब्दाची आठवण झाली. वाघ राहतो तेंहि रान, आणि 'धनी रानांत गेले आहेत' असें शेतकऱ्याची बायको सांगते तें शेतहि रानच. शहरांत राहून आपण ह्या शब्दाचा दुसरा अर्थ विसरत चाललों आहों. तो अर्थ मनांत जागा असेल तर सामींचा प्रदेश समजावयास फार वेळ लागत नाहीं.

फिनलंडच्या कायद्यानेंहि हें अंशतः मान्य केलें आहे. १९९१ सालीं एक विशेष कायदा होऊन उत्तरेंत १२ अरण्यक्षेत्रें राखण्यांत आलीं. त्यांचें एकूण क्षेत्र सुमारें १५,००० चौरस किलोमीटर आहे. प्रदेशाचें अरण्यपण टिकविणें हा त्या कायद्याचा एक हेतु. आणि त्याच्याच जोडीला सामी संस्कृति व निसर्गावर अवलंबून असलेले पारंपरिक व्यवसाय सुरक्षित ठेवणें हाहि एक हेतु स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. अरण्य राखावयाचें म्हणून मनुष्याला बाहेर काढावयाचें, हा मार्ग येथें पत्करलेला नाहीं. इनारीच्या पश्चिमेस लेम्मेन्योकी हें फिनलंडमधील सर्वांत मोठें राष्ट्रीय उद्यान आहे; त्याची स्थापना १९५६ सालीं झाली व त्याचें क्षेत्रफळ २,८५० चौरस किलोमीटर आहे. त्या उद्यानांतहि रेनडियरचे कळप चरतात. ह्याच नदीच्या परिसरांत १९४५ सालीं सोनें सांपडलें आणि सोनें धुणारांची गर्दी झाली. यंत्रांनीं जमीन उकरण्याचा तेथील उद्योग २०२० सालीं कायद्यानें बंद झाला.

रेनडियर हा ह्या प्रदेशांतील संसाराचा कणा आहे. मासेमारी करणारे सामी पुष्कळ आहेत आणि इनारी सामी तर मूळचे सरोवराकांठचे मासेमारच. तरी वर्षाचें वेळापत्रक आंखतो तो रेनडियर. हा प्राणी गोठ्यांत बांधलेला नसतो. तो रानांत मोकळा हिंडतो. परंतु मालकाविना एकहि नाहीं. उन्हाळ्यांत, जून-जुलैच्या उजळ रात्रीं, कळप कुंपणांत आणतात. वासरूं आपल्या आईच्या मागें जातें. आई कोणाची तें तिच्या कानावरील खुणांवरून कळतें. आणि मग त्याच मालकाची खूण चाकूनें वासराच्या कानावर करतात. ह्या खुणा म्हणजे घराण्याची सहीच असते. शरदांत व हिंवाळ्याच्या आरंभीं पुन्हां कळप गोळा करून मोजणी होते. फिनलंडमध्यें एकूण किती जनावरें ठेवावयाचीं याला मर्यादा आहे. ती दोन लक्षांच्या किंचित् वर आहे. १९६० नंतरच्या दशकांत बर्फावर चालणाऱ्या मोटार-घसरगाड्या आल्या आणि स्कीवर चालून कळप राखण्याची जुनी रीत मागें पडली. काम जलद झालें; पण पेट्रोलचा आणि यंत्राचा खर्च वाढून लहान कळपवाल्यांना हा व्यवसाय सोडावा लागला.

हिंवाळ्यांत रेनडियर काय खातो? आपल्या गोड्या मसाल्यांत आपण जें दगडफूल घालतों, त्याच्याच जातीची, बुरशी व शैवाल यांच्या सहवासानें होणारी एक पांढुरकी वनस्पति तेथील जमिनीवर गालिचासारखी पसरलेली असते. बर्फाखालीं ती आहे हें रेनडियरला वासानें कळतें आणि खुरांनीं खणून तो ती काढतो. तिची वाढ फार मंद. वर्षाला कांहीं मिलिमीटर. एकदां तुडवली किंवा ओरबाडली गेली तर ती पूर्ववत् होण्यास कित्येक वर्षें लागतात. हिंवाळ्याच्या अखेरीस बर्फ कठीण झाला म्हणजे जुन्या पाइनच्या फांद्यांवरून दाढीसारखी लोंबणारी दुसरी एक जात त्याच्या उपयोगीं पडते. ती मोठ्या वयाच्या झाडांवरच वाढते. म्हणून इमारती लांकडासाठीं जुनें जंगल तोडलें कीं कळपवाल्यांच्या दृष्टीनें तें कोठार लुटल्यासारखें होतें. ह्या वादांतील कांहीं तक्रारी १९९० नंतरच्या दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेल्या होत्या.

ह्याहून मोठें संकट हवेचें आहे. फिनलंडमधील शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणें १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला आहे. आपल्याला वाटेल कीं थंडी कमी झाली तर रेनडियरला सुखच होईल. वस्तुस्थिति उलट आहे. हिंवाळ्याच्या मध्यावर पाऊस पडतो, तें पाणी बर्फांत मुरून गोठतें आणि चाऱ्यावर कांचेसारखें झांकण बसतें. खुरांनीं तें फुटत नाहीं. अशा थराला उत्तर सामी भाषेंत 'चुओह्की' असा स्वतंत्र शब्द आहे. बर्फाच्या अशा अनेक अवस्थांचीं नांवें ज्या भाषेंत आहेत, ती भाषा म्हणजे पिढ्यानपिढ्यांची नोंदवहीच. कोणत्या बर्फावरून कळप नेतां येईल आणि कोणत्या बर्फाखालीं तो उपाशीं राहील, हें त्या वहींत लिहिलेलें आहे.

आतां ही वही पुसली जाण्याची वेळ कशी आली, तें थोडक्यांत सांगतों. एके काळीं इनारीच्या सामींकडून स्वीडन, डेन्मार्क-नॉर्वे व रशिया ह्या तिन्ही सत्तांचे अधिकारी कर वसूल करीत असत. १७५१ सालीं स्वीडन व डेन्मार्क-नॉर्वे यांच्यामध्यें सरहद्द आंखली गेली, तेव्हां तहाला एक पुरवणी जोडून सामींना आपल्या कळपांसह सीमेपलीकडे ये-जा करण्याचा हक्क दिला गेला. परंतु पुढें, फिनलंड रशियाच्या अंमलाखालीं असतांना, १८५२ सालीं नॉर्वेची सरहद्द कळपांना बंद झाली. समुद्रकांठच्या उन्हाळी कुरणांकडे शतकानुशतकें चालत आलेली वाट एका हुकुमानें तुटली.

धर्माचा इतिहासहि असाच आहे. इनारी सरोवरांत उक्को नांवाचें एक उंच खडकाळ बेट आहे. पाण्यांतून वर आलेल्या पाठीसारखें तें दुरूनच दिसतें. तेथें सामी लोक देवतेला रेनडियरचीं शिंगें व बळी अर्पण करीत. क्रीटमधील क्नोसोसच्या उत्खननानें पुढें जगप्रसिद्ध झालेले आर्थर इव्हान्स १८७३ सालीं तरुणपणीं ह्या बेटावर येऊन गेले होते, आणि त्यांना तेथें चांदीच्या दागिन्याचा एक तुकडा सांपडला होता. सामींच्या मनांत तें स्थान आजहि पवित्र आहे. प्रवाशानें नौकेंतूनच त्याचें दर्शन घ्यावें हें उत्तम. गांवापासून कांहीं अंतरावर पिएल्पायार्वी नांवाच्या तळ्याकांठीं १७६० सालीं पुरें झालेलें एक लांकडी देऊळ, ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, उभें आहे. पाइनच्या मुळांवरून आणि दगडांवरून चार-पांच किलोमीटर चालत तेथें जावें लागतें. आज भोंवतीं एकहि घर नाहीं आणि पाहुण्याला नवल वाटतें कीं ह्या एकांतांत देऊळ कोणीं बांधलें. पण पूर्वीं तेथें सामींची हिंवाळी वस्ती होती. लोक तेथें जमत, लग्नें लागत, बाजार भरे. वस्ती हालली आणि देऊळ राहिलें. ज्याला आपण निर्जन म्हणतों तें पुष्कळदां असें, माणसें उठून गेलेलें, असतें.

कांहीं ठिकाणीं माणसांना उठविण्यांत आलें. १९४४ सालीं सोव्हिएट रशियाशीं तह झाल्यावर फिनलंडनें जर्मन सैन्याला हांकलण्यास आरंभ केला. मागें हटतांना त्या सैन्यानें उत्तरेंतील गांवेंच्या गांवें जाळलीं. लोकांना आधींच दूर दक्षिणेकडे हालविलें होतें. ते परतले तेव्हां पुष्कळांना नुसतीं धुराडीं उभीं दिसलीं. स्कोल्ट सामींना तर परतावयास गांवच उरलें नाहीं. त्यांचा पेत्सामो प्रदेश रशियाकडे गेला. शेवटीं १९४९ सालीं त्यांच्यापैकीं अनेक कुटुंबांना इनारीच्या ईशान्येस सेवेत्तियार्वीच्या बाजूला घरें बांधून देण्यांत आलीं. त्यांचा पंथ ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, भाषा निराळी, आणि भोंवतालचीं तळीं व टेंकड्या अनोळखी. त्या नव्या मुलखांत त्यांनीं कळप पुन्हां उभे केले. पुढें १९६७ व १९७० सालीं लोक्का आणि पोर्त्तिपाहता हे दोन मोठे जलाशय विजेसाठीं झाले आणि त्यांच्या पाण्याखालीं घरें, कुरणें व दलदलीचीं मैदानें बुडालीं. रोव्हानिएमीहून इनारीला जातांना हा मुलूख रस्त्याच्या जवळच लागतो. पाटी वाचल्याशिवाय मात्र तें पाणी नैसर्गिक सरोवरासारखेंच भासतें.

युद्धानंतरच्या काळांत मुलांचें शिक्षण सर्वत्र झालें. ही गोष्ट स्वतः चांगलीच. पण अंतरें मोठीं असल्यामुळें मुलें वसतिगृहांत राहूं लागलीं, आणि शाळा फिन भाषेची. सात वर्षांचें मूल घर सोडून जाई आणि सुटींत परत येई तेव्हां आजीशीं बोलतांना अडखळे. घरच्या भाषेची लाज वाटावी असें वातावरण होतें. पुष्कळ आईबापांनीं आपल्या मुलांना तो त्रास नको म्हणून त्यांच्याशीं फिनच बोलावयास आरंभ केला. इनारी सामी ही भाषा तर १९९० नंतर घरांत लहान मुलांच्या तोंडीं जवळजवळ ऐकूं येईनाशी झाली.

अशा वेळीं तेथील माणसांनीं जें केलें तें आपण लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. न्यूझीलंडमधील माओरी लोकांनीं १९८२ पासून चालविलेल्या बालशाळांचा कित्ता पुढें ठेवून १९९७ सालीं इनारीमध्यें 'भाषेचें घरटें' सुरू झालें. ह्या घरट्यांत शाळेच्या वयाखालचीं मुलें दिवसभर राहतात आणि सांभाळणाऱ्या बायका त्यांच्याशीं फक्त इनारी सामींतच बोलतात. भाषांतर नाहीं, धडे नाहींत. जेवण, खेळ, रुसवे, सारें त्या भाषेंत. पण मुलांना शिकविणारीं तरुण माणसें कोठून आणावयाचीं? मधली पिढीच मुकी झालेली. तेव्हां २००९-१० मध्यें १७ प्रौढ माणसांनीं वर्षभर आपलें काम बाजूला ठेवून ही भाषा शिकण्याचें व्रत घेतलें. वृद्धांच्या घरीं जाऊन, त्यांच्याबरोबर जाळीं विणून, स्वयंपाक करून ते ती शिकले. आज ती भाषा बोलणारे चारशेंच्या आसपास आहेत. आंकडा लहान आहे. परंतु त्यांत पुन्हां मुलें आहेत.

इनारी गांवांत दोन इमारती पाहिल्यावांचून परतूं नये. एक 'सायोस'. २०१२ सालीं उघडलेल्या ह्या वास्तूंत फिनलंडमधील सामींची निवडलेली २१ सभासदांची संसद भरते. ही संसद १९९६ पासून काम करीत आहे. दुसरी 'सीदा', म्हणजे सामींचें संग्रहालय. उघड्यावरील जुन्या झोंपड्या, नौका व सांपळे यांचा त्याचा भाग १९६३ पासून लोकांना खुला आहे आणि आंतील प्रदर्शन २०२२ सालीं नव्यानें मांडलेलें आहे. २०२१ सालीं हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयानें आपल्याजवळच्या २,२०० हून अधिक सामी वस्तु ह्या संग्रहालयाच्या स्वाधीन केल्या. पाळणे, पट्टे, चमचे, टोप्या: ज्या वस्तु आजोबांच्या काळीं गांवांतून नेल्या गेल्या, त्या नातवंडांनीं परत आणल्या. शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रिया आतां त्या टोप्यांचे टांके पाहून विसरलेली बेतणी पुन्हां शिकतात. २०२४ सालचा युरोपांतील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार ह्या लहानशा गांवाच्या संग्रहालयाला मिळाला.

गाण्याविषयींहि दोन शब्द सांगावयास हवेत. सामींच्या गाण्याला उत्तरेंत 'योइक' म्हणून ओळखतात. त्यांत शब्द थोडे. कधीं कधीं मुळींच नाहींत. सामी मनुष्य एखाद्या मित्राविषयीं, डोंगराविषयीं किंवा लांडग्याविषयीं गात नाहीं. तो त्या मित्रालाच, त्या डोंगरालाच गातो, म्हणजे तो त्याला स्वरांनीं जवळ आणतो. मिशनऱ्यांनीं हें गाणें पाप ठरविलें होतें. १९९४ सालीं लिलेहॅमर येथील हिंवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनांत सामी कवि निल्स-आस्लाक वाल्केआपॅ यांनीं तें साऱ्या जगासमोर गाइलें.

आतां जो प्रत्यक्ष जाऊं इच्छितो त्याच्यासाठीं कांहीं सूचना. जुलैंत सूर्य असतो पण डांसहि असतात. सप्टेंबरांत डांस गेलेले असतात आणि रान रंगलेलें असतें. मार्चमध्यें बर्फ भरपूर आणि उजेडहि पुरेसा. फिनलंडमध्यें रानांतून कोणालाहि चालण्याचा, तेथील फळें व छत्र्या वेंचण्याचा हक्क आहे. दलदलींत उगवणारें 'हिल्ला' नांवाचें केशरी फळ जरूर चाखावें. परंतु ज्या दलदलीवर एखादें कुटुंब वर्षानुवर्षें फळें वेंचीत आलें आहे तेथें पिशव्या भरण्याचा मोह आवरावा. रेनडियर दिसला तर थांबावें आणि त्याला वाट द्यावी. वाटेवर एखादी बंद झोंपडी दिसली तर ती पडीक आहे असें समजूं नये. तिचा ऋतु अजून आलेला नसेल. कोणालाहि 'तुमच्याजवळ रेनडियर किती?' असें विचारूं नये. आपल्याकडे नुकत्याच ओळख झालेल्या गृहस्थाला 'बँकेंत शिल्लक किती?' असें विचारण्यासारखेंच तें आहे.

सामींचा पोषाख हीहि एक भाषा आहे. त्याच्या पट्ट्यांवरून, टोपीवरून मनुष्य कोणत्या घराण्याचा व कोणत्या भागाचा हें जाणत्याला कळतें. हौशी प्रवाशांपुढें असा नकली पोषाख चढवून सामी नसलेल्यांनीं खेळ करावेत, हा प्रकार लॅपलंडमध्यें बरींच वर्षें चालत आला. सामी संसदेनें २०१८ सालीं ह्या धंद्यासाठीं नीतिनियम तयार केले आहेत. कुत्र्यांच्या घसरगाडीचेंहि असेंच. ती मौजेची असेल. पण ती ह्या लोकांची परंपरा नव्हे, ती बाहेरून आलेली आहे, आणि कुत्र्यांच्या भुंकण्यानें कळप बिथरतात. विकत काय घ्यावें असें कोणीं विचारलें तर सामी कारागिरांची १९८२ पासून चालत आलेली 'दुओदजी' ही खूण पाहून भूर्जाच्या गांठीचा पेला किंवा शिंगाच्या मुठीचा चाकू घ्यावा. तो महाग असतो. कारण तो कोणीं तरी हातानें केलेला असतो.

बहुतेक श्रोत्यांना इतक्या दूर जाण्याचा योग येईल असें नाहीं. त्यांना एकच विनंति. घरांतील मुलाच्या पुस्तकांत तें जुनें चित्र अजून असेल, तर त्याखालचा शब्द खोडून 'सामी' असा लिहावा आणि त्याला सांगावें कीं, ह्या माणसांना संसद आहे, संग्रहालय आहे, आणि तुझ्याएवढीं मुलें आज सकाळीं शाळेंत आजीच्या भाषेंत भांडत आहेत. त्या बर्फाला मालक आहे, त्या वाटेला नांव आहे, आणि त्या झोंपडींत उद्यां कोणी तरी चूल पेटविणार आहे. ज्या रानांत कोणी राहतें, त्या रानांत पाहुण्यासारखें जावें; दाराशीं थांबून, पायांतलें काढून.